लहान-मोठे तुकडे, ठरलेले बांध

नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उमेळ्याकडे निघालं की वाड्या, जुनी घरं आणि नव्या सोसायट्या यांची सरमिसळ लागते. जमिनीच्या कागदावर मात्र सगळ्यांची ओळख सारखीच: सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक. आजोबांच्या नावावरच्या एका सर्व्हे नंबराचे मुलांत हिस्से झाले, नातवंडांत पोटहिस्से झाले. कुणाच्या वाट्याला अख्खी वाडी आली, कुणाला घरापुरती जागा. मूळ नंबर तोच राहिला, तिरक्या रेघेपुढचे आकडे वाढत गेले.

याच रस्त्यांवरून इंटरनेटची काळी केबल घरोघर गेली आहे. त्या केबलमागे जी पत्त्यांची वाटणी झालेली असते, तिच्यातही एक मूळ नंबर, एक तिरकी रेघ आणि रेघेपुढे एक आकडा असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.०/२४. हा २५६ आयपी पत्त्यांचा ब्लॉक आहे. त्याचे गरजेप्रमाणे लहान-मोठे तुकडे, म्हणजे सबनेट, कसे पाडतात हा या प्रकरणाचा विषय. ज्यांनी घरातली जमिनीची वाटणी जवळून पाहिली आहे, त्यांना यातलं निम्मं गणित आधीच येतं. उरलेलं निम्मं मात्र वेगळं आहे, कारण इथे बांध कुठे घालायचा हे भावांच्या मर्जीवर नसतं.

रेघेपुढचा आकडा काय सांगतो

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ घरांची एक ओळ. माणसाला वाचता यावी म्हणून तिचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ मधल्या एका आकड्याने लिहितात. ३२ बिटांतून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, साधारण ४२९ कोटी. सप्टेंबर १९८१ मध्ये 'आरएफसी ७९१' या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ही रचना पक्की झाली, तेव्हा हा आकडा कधी कमी पडेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

रेघेपुढचा आकडा सांगतो की ओळीतले पहिले किती बिट गोठवलेले आहेत. /२४ म्हणजे पहिले २४ बिट कायम. उरलेले ८ बिट आपले, हवे तसे वापरायला. आठ बिटांची २५६ रूपं होतात, म्हणून /२४ मध्ये २५६ पत्ते. आकडा एकाने वाढवला की एक बिट आणखी गोठतो आणि तुकडा निम्मा होतो. /२५ मध्ये १२८, /२६ मध्ये ६४, /२७ मध्ये ३२, /२८ मध्ये १६, /२९ मध्ये ८, /३० मध्ये ४. रेघेपुढचा आकडा मोठा तितका तुकडा लहान, हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण चार दिवसांत अंगवळणी पडतं.

यातले सगळे पत्ते वापरता येत नाहीत. प्रत्येक तुकड्याचा पहिला पत्ता त्या तुकड्याचं नाव म्हणून राखलेला असतो आणि शेवटचा पत्ता ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. सातबाऱ्यावर लागवडीला न येणारं क्षेत्र पोटखराबा म्हणून दाखवतात, तसाच हा प्रकार. २५६ पत्त्यांत दोन गेले तर कुणाला कळतही नाही. चारात दोन गेले म्हणजे निम्मी जमीन खराब्यात गेली. दोन राउटरना, म्हणजे माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांना, जोडणाऱ्या एका तारेसाठी ही चैन कशाला, असा विचार करून डिसेंबर २००० मध्ये 'आरएफसी ३०२१' ने फक्त दोन पत्त्यांचा, खराबा नसलेला /३१ तुकडा अशा तारांपुरता मान्य केला.

राउटर बांध कसा ओळखतो

आलेला पत्ता कुठल्या तुकड्यातला आहे हे राउटर मास्क लावून काढतो. मास्क म्हणजे रेघेपुढच्या आकड्याचंच दुसरं रूप. जेवढे बिट गोठवलेले तेवढे एक, बाकीचे शून्य. /२६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२.

आता एक पत्ता हाताने सोडवून पाहू: २०३.०.११३.१५०. पहिले तीन भाग मास्कमध्ये पूर्ण एक आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे राहतात. प्रश्न फक्त शेवटच्या १५० चा.

१५० म्हणजे १००१०११०
१९२ म्हणजे ११००००००

दोन्हीकडे एक असेल तिथेच एक ठेवायचा, बाकी सगळीकडे शून्य. उत्तर येतं १०००००००, म्हणजे १२८. याचा अर्थ हा पत्ता १२८ पासून सुरू होणाऱ्या ६४ च्या तुकड्यातला, १२८ ते १९१ मधला. राउटरला ना वजाबाकी करावी लागली, ना भागाकार. बिटांवर मास्क ठेवला आणि उत्तर आलं. सेकंदाला माहितीची लाखो पाकिटं हाताळायची असतात तेव्हा इतकं सोपं काम हवंच. पण या सोपेपणाची एक किंमत आहे, आणि पुढचं सारं प्रकरण त्या किमतीभोवती फिरतं. तुकडा २, ४, ८, १६ अशाच मापाचा लागतो आणि तो आपल्या मापाच्या पटीवरच सुरू व्हावा लागतो. ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ वर सुरू होईल. ७० वर होणार नाही. १२८ च्या तुकड्याला तर २५६ मध्ये दोनच जागा: ० आणि १२८.

तीनच मापांचा जमाना

सुरुवातीला पत्त्यांचे तुकडे तीनच मापांत मिळत. 'ए' वर्गाच्या एका जाळ्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, 'बी' वर्गात ६५,५३६ आणि 'सी' वर्गात २५६. ज्या संस्थेकडे ६०० संगणक असतील तिला 'सी' अपुरा आणि 'बी' शंभरपटीने जास्त. अनेकांनी 'बी' मागितला आणि त्यांना तो मिळालाही. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ ने सुरू होणारा अख्खा 'ए' वर्ग होता. त्यातले सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढल्याचं एमआयटीने २०१७ मध्ये जाहीर केलं, तोवर त्यातले कितीतरी वापराविना पडून होते.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये 'आरएफसी ९५०' ने मिळालेल्या जाळ्याचे आतल्या आत हिस्से पाडायची रीत घालून दिली. पण व्यवहारात सगळे हिस्से सारख्याच मापाचे ठेवावे लागत. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, 'आरएफसी १००९' ने एकाच जाळ्यात वेगवेगळ्या मापांचे मास्क चालतील असं म्हटलं. तरीही अडचण होतीच. त्या काळी राउटर ज्या 'रिप' नावाच्या पद्धतीने एकमेकांना रस्ते सांगत, तिच्यात पत्ता सांगितला जाई पण मास्क सांगितलाच जात नसे. शेजारच्या राउटरने माप अंदाजाने धरायचं, आणि अंदाज म्हणजे 'माझ्याकडे जे माप तेच तुझ्याकडे'. निरोपासोबत मास्कही पाठवणारी 'ओएसपीएफ' पद्धत आणि 'रिप'ची दुसरी आवृत्ती आली, तेव्हाच लहान-मोठे तुकडे खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागले. बांधाची खूण नकाशावर उमटली नाही तर जागेवरचा बांध शेजाऱ्याने ओळखायचा कसा, तसंच हे.

सप्टेंबर १९९३ मध्ये 'आरएफसी १५१९' ने ए, बी, सी हे वर्गच मोडीत काढले. आता पटीचा नियम पाळून कुठल्याही पत्त्यापुढे कुठलंही माप लिहिता येतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही नवी रीत आलेली होती. डायल-अपच्या काळात ज्यांनी संगणकात २०२.५४ ने सुरू होणारे आकडे भरले असतील, त्यांना तो व्हीएसएनएलचा पत्ता होता हे आठवेल.

वाटणी मांडून पाहू

समजा, नायगाव-उमेळे पट्ट्यात जोडण्या देणाऱ्या एका लहान इंटरनेटवाल्याकडे २०३.०.११३.०/२४ हा ब्लॉक आहे. (हा ब्लॉक खऱ्या इंटरनेटवर कुणाचाच नाही. पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी तो जानेवारी २०१० मध्ये राखून ठेवण्यात आला, म्हणून निर्धास्तपणे वापरू.) त्याच्या गरजा अशा:

दुकानं, ऑफिसं आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही, ज्यांना कायमचा पत्ता लागतो आणि जे सोयीसाठी एकाच जाळ्यावर धरले आहेत: १०० पत्ते.
बाकीच्या घरांनी मिळून वापरायचे सामाईक पत्ते: ५०.
स्वतःचे सर्व्हर आणि यंत्रणा: २५.
एका रुग्णालयाचं वेगळं जाळं: १०.
राउटर ते राउटर अशा तीन तारा: प्रत्येकी २.

बेरीज १९१, हातात २५६. वरकरणी काहीच अडचण नाही. वाटे सात आहेत, तर समान आठ भाग करून टाकू? प्रत्येकाला ३२ पत्ते येतात, त्यातले ३० वापरायचे. सीसीटीव्हीवाल्या १०० ना ते पुरत नाहीत आणि दोन पत्त्यांच्या तारेकडे २८ पडून राहतात. समान वाटणीने दोन्हीकडून मार बसतो.

म्हणून आधी प्रत्येक गरजेत पोटखराब्याचे दोन मिळवायचे आणि त्याहून लगेच मोठं माप धरायचं. १०० चे १०२, म्हणून १२८. ५० चे ५२, म्हणून ६४. २५ चे २७, म्हणून ३२. १० चे १२, म्हणून १६. तारांसाठी /३१ न धरता जुन्या रीतीने ४. मग सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करून ओळीने बसवत जायचं:

सीसीटीव्ही आणि दुकानं: ० ते १२७, /२५
घरांचे सामाईक पत्ते: १२८ ते १९१, /२६
सर्व्हर: १९२ ते २२३, /२७
रुग्णालय: २२४ ते २३९, /२८
पहिली तार: २४० ते २४३, /३०
दुसरी तार: २४४ ते २४७, /३०
तिसरी तार: २४८ ते २५१, /३०
शिल्लक: २५२ ते २५५

पाहा, प्रत्येक तुकडा आपसूक आपल्या मापाच्या पटीवर येऊन बसला. मोठ्यापासून उतरत गेलं की असं होतंच, कारण मोठ्या मापाची हद्द ही लहान मापाचीही हद्द असते. शिल्लक राहिलं ते आणखी एका तारेपुरतं. उद्या एखाद्या दवाखान्याला पाच पत्ते हवे झाले तर पाच आणि दोन सात, म्हणजे आठांचा /२९ लागेल, आणि तो या ब्लॉकमध्ये मिळणार नाही. म्हणून जाणता माणूस आजची गरज धरून थांबत नाही, वर्ष-दोन वर्षांची वाढ आधीच मोजून ठेवतो.

रिकामं आहे, पण कामाचं नाही

आता हीच वाटणी घाईत केलेली पाहू. सर्व्हर सगळ्यात आधी बसवायचे म्हणून त्यांना पहिले ३२ दिले, ० ते ३१. घरांचे सामाईक पत्ते शेवटाला टाकले, १९२ ते २५५. मधले ३२ ते १९१ असे सलग १६० पत्ते मोकळे आहेत. सीसीटीव्हीवाल्यांना १२८ चाच तुकडा हवा आहे. बसेल?

बसणार नाही. १२८ चा तुकडा ० वर सुरू करावा तर तिथे सर्व्हर आहेत, १२८ वर करावा तर शेवटी सामाईक पत्ते आडवे येतात. ३२ ते १५९ असा सलग पट्टा माणसाच्या डोळ्यांना दिसतो, राउटरला दिसत नाही. कारण १२७ म्हणजे ०१११११११ आणि १२८ म्हणजे १०००००००. या दोन शेजाऱ्यांत आठच्या आठ बिट उलटे आहेत. गोठवता येईल असा एकही बिट दोघांत सारखा नाही, म्हणून दोघांना पोटात घेणारा १२८ चा एक तुकडा कुठल्याच मास्कने बनत नाही. भावाभावांत समजूत झाली तर जमिनीवरचा बांध चार हात सरकवता येतो. इथला बांध आकड्यांच्या रचनेतच घातलेला आहे.

मग उपाय दोनच. १२८ ऐवजी ६४ चे दोन तुकडे द्यायचे, ६४ ते १२७ आणि १२८ ते १९१, आणि एकाच कामासाठी दोन जाळी सांभाळायची. नाहीतर चालू सर्व्हरचे पत्ते बदलायचे, म्हणजे रात्री-अपरात्री काम काढून सगळ्या नोंदी पुन्हा लिहायच्या. पत्त्यांच्या वाटणीत मोकळी संख्या मोजून भागत नाही. मोकळं कुठे आहे आणि कुठल्या मापाच्या हद्दीवर आहे हे पाहावं लागतं. म्हणूनच ही नोंद मेंदूत न ठेवता वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवतात, मोजणीच्या नकाशासारखी: कुठून कुठवर, माप किती, कुणाकडे, कधीपासून.

गावाबाहेरून काय दिसतं

आत पाडलेले हे सात तुकडे बाहेरच्या जगाला माहीत नसतात. जगभरच्या मोठ्या राउटरना एकच ओळ सांगितली जाते: २०३.०.११३.०/२४ या मालकाकडे. आत आल्यावर मालकाचा राउटर पाहतो, २३० हा पत्ता रुग्णालयाच्या /२८ मधला, म्हणून तो त्या तारेवर. एखादा पत्ता दोन ओळींत बसत असेल, एकदा /२४ मध्ये आणि एकदा /२८ मध्ये, तर ज्या ओळीत जास्त बिट जुळतात ती खरी. सगळ्यात बारीक हिश्श्याचा शब्द अंतिम. या एका नियमामुळे मोठ्या ब्लॉकच्या पोटात लहान, लहानाच्या पोटात आणखी लहान असे कितीही तुकडे गोंधळ न होता नांदतात.

बाहेर मात्र /२४ हून लहान तुकडा सहसा कुणी स्वीकारत नाही. बहुतेक मोठी जाळी तसा निरोप आला तर गाळून टाकतात, नाहीतर जगातल्या प्रत्येक राउटरला कोट्यवधी ओळी लक्षात ठेवाव्या लागतील. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीच्या तुकड्याला किमान माप घातलं, त्यामागे जमीन कसायला परवडावी हा विचार होता. इथे राउटरची स्मृती परवडावी हा विचार आहे.

उशिरा आलेल्याचा वाटा

इतकी काटकसर का, याचं उत्तर एका तारखेत आहे. ३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच खंडीय संस्थांना वाटून टाकण्यात आले. आशिया-पॅसिफिकच्या एपीएनआयसी या संस्थेच्या वाट्याला १०३ ने सुरू होणारा ब्लॉक आला. १५ एप्रिल २०११ पासून तिथे रेशनिंग सुरू झालं आणि त्या ब्लॉकमधून प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, म्हणजे एक /२२, मिळू लागला. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. भारतात हे वाटप 'निक्सी' या संस्थेच्या छत्राखालच्या आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेमार्फत होतं. गेल्या दशकात गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या लहान इंटरनेटवाल्यांचे पत्ते बहुतेकदा १०३ ने का सुरू होतात, ते यावरून कळेल. एका विद्यापीठाकडे एकेकाळी दीड कोटीहून जास्त आणि एका उपनगराला जोडणाऱ्या माणसाकडे ५१२, असा हा हिशेब.

५१२ पत्त्यांत हजारो घरं कशी बसतात? सामाईक पत्त्यांनी. प्रत्येक पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे संभाषणांचे क्रमांक, असतात. सुरुवातीचे १,०२४ सोडले आणि दर घराला सुमारे २,००० पोर्ट दिले, तर एका पत्त्याआड ३२ घरं मावतात. वरच्या उदाहरणातले ५० पत्ते अशा रीतीने १,६०० घरांना पुरतात. आतल्या बाजूला या घरांना जे पत्ते मिळतात त्यांच्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा खास ब्लॉक राखून ठेवण्यात आला. आपल्या घरच्या राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' असा रकाना असतो. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला तर समजायचं की आपला सार्वजनिक पत्ता शेजाऱ्यांसोबत सामाईक आहे. अशा जोडणीवर घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही. कायमच्या पत्त्याचे वेगळे पैसे घेतात ते यासाठीच, आणि आपल्या वाटणीत सीसीटीव्हीवाल्यांना सगळ्यात मोठा तुकडा गेला तोही यामुळेच.

टंचाई संपल्यावर

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे. तिथे इंटरनेटवाल्याला साधारणपणे /३२ मिळतो. तो एकेका घराला /५६ देऊ शकतो आणि त्या घराला आपल्या घरात २५६ सबनेट पाडता येतात. प्रत्येक सबनेट /६४ चा, मग त्यात दोन यंत्रं असोत की दोनशे. एका /६४ मध्ये पत्ते किती? १८ वर १८ शून्यं, इतके. ज्या समान वाटणीची आपण मघाशी खोड काढली तीच इथे नियम म्हणून परत आली आहे, कारण वाया जाण्याची भीतीच उरली नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू करणाऱ्या जिओने सुरुवातीपासून ही आवृत्ती वापरली आणि भारत या बाबतीत जगाच्या पुढे गेला.

मग वर शिकलेलं सगळं गणित फुकट गेलं का? माप मोजायचं काम गेलं, हद्दीचं काम राहिलं. /३२ चे भाग पाडताना नायगावला एक सलग भाग, वसईला दुसरा, विरारला तिसरा असे दिले तर प्रत्येक ठिकाणासाठी राउटरला एकच ओळ पुरते. हाताला येईल तसे वाटले तर कोट्यवधी पत्ते शिल्लक असूनही ओळींचा ढीग होतो. शिवाय जुनी आवृत्ती अजून बरीच वर्षं सोबत चालणार आहे. आज लहान इंटरनेटवाल्याच्या एकाच राउटरमध्ये दोन्ही वह्या शेजारी-शेजारी असतात. एकीत ५१२ पत्त्यांचा पै-पैचा हिशेब, दुसरीत न संपणारा साठा. ज्याला पहिली वही नीट लिहिता येते, त्याची दुसरी सहसा चुकत नाही.